दुखतंय नेमकं कुठे?

परवा सकाळी दवाखाना उघडायच्या आतच फोन वाजला. पलीकडे एका बाईंचा घाईचा आवाज. "डॉक्टर, आमच्या ह्यांच्या पोटात दुखतंय. काय देऊ?" मी विचारले, पोटात म्हणजे कुठे? "पोटातच हो." वर की खाली? "मधेच." बेंबीच्या वर की बेंबीच्या खाली? आता बाईंनी नवऱ्याला विचारले आणि नवऱ्याचे उत्तर मला थेट ऐकू आले, "अगं इथं, इथं!"

फोनवरचे 'इथं' मला कसे दिसावे? काही देऊ नका, असतील तसे रिक्षात घालून आणा, एवढेच सांगता आले. दहा मिनिटांत आले. गृहस्थांचा सबंध तळहात होता छातीच्या मधल्या हाडाखाली, दोन्हीकडच्या बरगड्या पुढे येऊन जुळतात त्या खळगीवर. कपाळावर घाम. रात्रीपासून 'गॅस' म्हणून सोड्याची दोन पाकिटे पोटात गेली होती. कार्डिओग्राम काढला. पोटाचा काही संबंध नव्हता, हृदयविकाराचा झटका होता. ॲस्पिरिन चघळायला दिले, १०८ ची गाडी बोलावली आणि जिल्ह्याच्या गावी रवाना केले. वेळेत पोचले, आता बरे आहेत. पण बाईंनी फोनवर माझे न ऐकता शेजारच्या मेडिकलमधून तिसरे पाकीट आणले असते तर काय झाले असते, हा विचार दिवसभर डोक्यातून गेला नाही.

वाचकहो, अठ्ठावीस वर्षे मी या तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो आहे. एवढ्या काळात माझी एक तक्रार कायम आहे. आपल्याला आपल्या शरीराचा पत्ता सांगता येत नाही. घराचा पत्ता सांगताना आपण मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीला लागून, डावीकडचा दुसरा जिना इतके बारकावे सांगतो. दुखण्याचा पत्ता मात्र 'पोटात', 'अंगात', 'इकडं सगळं' इथेच संपतो.

गंमत अशी की आपली भाषा याबाबतीत मुळीच गरीब नाही. दुखण्याचे प्रकार तर आपल्याकडे किती! कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, मुरडा पडतो, उसण भरते, आग होते, मुंग्या येतात. इंग्रजी पुस्तकातून वैद्यक शिकून आलेल्या माझ्यासारख्याला पहिली दोन वर्षे हे शब्द समजून घेण्यातच गेली. आजही एखाद्या आजीने 'ठणका नाही रे बाबा, नुसतं शिवशिवतंय' म्हटले की माझे अर्धे काम होते. जागांचे शब्दही तितकेच नेमके आहेत. कानशील, मानगूट, काख, दंड, कोपर, कूस, ओटीपोट, जांघ, खुबा, पोटरी, नडगी, घोटा, चवडा. पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही जडजंबाल संस्कृत शब्दापेक्षा हे शब्द सरस आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ते हळूहळू वापरातून चालले आहेत. इंग्रजी शाळेतला नातू आजीला 'माझा लेग दुखतोय' म्हणतो. लेग म्हणजे मांडी की गुडघा की पोटरी, हे ना त्याला ठाऊक, ना आजीला विचारायचे सुचते. सुशिक्षित मंडळी तर सरसकट 'स्टमक पेन' सांगतात. स्टमक म्हणजे जठर. ते पोटातल्या अनेक अवयवांपैकी एक, आणि तेही वरच्या भागात डावीकडे. ओटीपोटात दुखणाऱ्या बाईने स्टमक पेन म्हटले की डॉक्टरने ॲसिडिटीची गोळी लिहिलीच म्हणून समजा.

आम्हाला कॉलेजच्या पहिल्या वर्षी हाच धडा सगळ्यात आधी शिकवतात. शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये फॉर्मेलिनच्या वासाने डोळे चुरचुरत असताना सर विचारायचे, "माणूस कसा उभा आहे?" उत्तर ठरलेले. ताठ उभा, तोंड समोर, हात खाली आणि तळहात पुढे. तो टेबलावर आडवा असला तरी वर्णन उभ्या माणसाचे. उजवे म्हणजे त्याचे उजवे, बघणाऱ्याचे नव्हे. हा एवढा नियम जगभरच्या डॉक्टरांनी मान्य केला, म्हणून मी लिहिलेली चिठ्ठी मुंबईचा सर्जन बिनचूक वाचू शकतो. तुम्ही समोर बसून 'डावीकडे' म्हणता आणि मी माझ्या डाव्या हाताकडे बघतो, यातून होणारे घोटाळे विनोदी असतात, पण नेहमी नव्हे. चुकीच्या बाजूची शस्त्रक्रिया ही जगातल्या मोठमोठ्या रुग्णालयांतही घडलेली गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेआधी तपासायची एक यादी तयार केली. भूल देण्यापूर्वी रुग्णाच्या तोंडूनच त्याचे नाव, शस्त्रक्रिया आणि जागा वदवून घ्यायची आणि त्या जागेवर शाईची खूण करायची, हे त्या यादीत आहे. तुमच्यावर शस्त्रक्रिया होणार असेल आणि कोणी खूण केली नसेल, तर खुशाल विचारा. डॉक्टर रागावला तर रागावू द्या.

आमचे त्या वेळचे जाडजूड पुस्तक म्हणजे 'ग्रेज ॲनाटॉमी'. लंडनच्या हेन्री ग्रे यांनी ते १८५८ साली काढले. पण ज्या चित्रांमुळे ते पुस्तक टिकले ती हेन्री कार्टर यांची. हे कार्टर त्याच साली मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागले. तीसेक वर्षे त्यांनी इकडे काढली, महारोगावर आणि ज्याला मदुरा पाय म्हणतात त्या रोगावर काम केले. त्यांची आणखी एक खासियत मला फार आवडते. तोवरच्या बऱ्याच पुस्तकांत अवयवांवर एक, दोन, तीन असे बारीक आकडे असत आणि नावे पानाच्या तळाशी. कार्टर यांनी नाव त्या त्या अवयवावरच लिहिले. जागा आणि नाव एकत्र डोळ्यांत भरते. आपल्या शाळांच्या तक्त्यांवर अजून बाणांचे जाळे असते, मुले बाण पाठ करतात.

असो. पोटाकडे वळू, कारण सर्वाधिक गोंधळ तिथेच. आम्ही पोटाचे नऊ भाग पाडतो. फुल्ली-गोळा खेळताना दोन उभ्या, दोन आडव्या रेघा मारतो ना, तशाच रेघा पोटावर आहेत असे समजा. मधल्या घरात बेंबी. तिच्या वरचे घर म्हणजे छातीखालची खळगी, तिच्या खालचे घर ओटीपोट. बेंबीच्या दोन्ही बाजूंना कुशी. वरची दोन घरे उजव्या व डाव्या बरगड्यांच्या आडोशाला, खालची दोन उजव्या व डाव्या जांघेच्या वर. या वरच्या बाजूच्या घरांना ग्रीक मूळ असलेले हायपोकॉन्ड्रियम हे नाव आहे. पूर्वी युरोपात उदासपणाचे मूळ या भागात आहे असे मानत, म्हणून सतत आपल्याला काहीतरी झाले आहे असे वाटणाऱ्या माणसालाही त्याच नावावरून ओळखू लागले. आमच्या गावात अशी दोन-तीन मंडळी आहेत. गंमत म्हणजे दुखण्याची जागा सगळ्यात नेमकी तीच सांगतात!

तुम्हाला ही लॅटिन-ग्रीक नावे पाठ करायची गरज नाही. बेंबी धरून सांगा, बास. बेंबीच्या वर चार बोटे, बेंबीपासून उजवीकडे एक वीत, असे सांगितले तरी पुरते. उजव्या बरगड्यांखाली दुखून ते मागे उजव्या फऱ्याकडे जात असेल, त्यातही तेलकट जेवणानंतर, तर मला पित्ताशयातल्या खड्यांची शंका येते. मागून कुशीतून कळ निघून खाली जांघेत उतरत असेल तर मूत्रमार्गातला खडा. आणि अपेंडिक्सचे दुखणे बहुतेक वेळा सुरू होते बेंबीभोवती, काही तासांनी सरकते उजवीकडे खाली. बेंबीपासून कमरेच्या पुढच्या टोकदार हाडापर्यंत रेघ ओढली तर हाडाकडून एक-तृतीयांश अंतरावर बोट दाबले की रुग्ण कळवळतो. न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ साली ही जागा दाखवून दिली. आज सोनोग्राफी आहे, सीटी स्कॅन आहे, तरी "आधी बेंबीपाशी होतं, आता इकडं खाली आलंय" हे रुग्णाचे एक वाक्य मला अजून मोलाचे वाटते.

नेमक्या याच दुखण्यात आपल्याकडे 'बेंबी सरकली' म्हणून पोट चोळून घेतात. दिव्याने वाटी लावतात. मी या माणसांची टिंगल करणार नाही, कारण गावोगावी रात्री-अपरात्री धावून येणारी तीच असतात. पण अपेंडिक्स सुजलेले असताना पोट रगडणे किंवा एरंडेल पाजणे म्हणजे ते फुटायला मदत करणे. बेंबी कुठे सरकत नाही. दुखणे सरकते. ते कुठून कुठे सरकले हे ध्यानात ठेवून डॉक्टरला सांगा.

बाकीच्या शरीराचे थोडक्यात. 'किडनी दुखते' म्हणून माकडहाडाजवळ हात लावणारे मला रोज भेटतात. मूत्रपिंडे तेवढी खाली नसतात, पाठीकडे शेवटच्या बरगड्यांच्या आसपास असतात. हृदय अगदी डावीकडे नसून छातीच्या मध्यावर, थोडे डावीकडे कललेले असते, म्हणून हृदयाचे दुखणे बहुधा छातीच्या मधोमध सबंध तळव्याने किंवा मूठ ठेवून दाखवले जाते. ते खांद्यात, दंडात, जबड्यात, कधी नुसतेच वरच्या पोटात जाणवते. मधुमेही आणि वयस्क माणसांत तर कधीकधी दुखतच नाही, नुसता दम लागतो. काळीज हा शब्द आणखी घोटाळ्याचा. मटणाच्या दुकानात काळीज मागितले की यकृत मिळते, आणि घरी काळजात धस्स होते ते छातीत! मी 'काळजात दुखतंय' ऐकले की हात ठेवून दाखवायला सांगतो. लहान मूल गुडघा दाखवून लंगडत असेल तर खुबाही तपासून घ्या म्हणावे, कारण खुब्याचे दुखणे मुलांना पुष्कळदा गुडघ्यात जाणवते. दुखते तिथेच आजार असतो असे नाही, पण तो शोध डॉक्टरचा. दुखते कुठे, हे सांगणे मात्र तुमच्याच हातात.

आता ज्या भागासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो.

बेंबीच्या खाली आणि मांडीच्या वर आपल्या घरांत शब्दच नाहीत. म्हणजे आहेत ते शिव्यांत. सभ्य घरात 'खाली', 'तिकडे', 'ती जागा'. बायकांच्या बोलीत तर 'अंग' या एका शब्दावर सगळा भार आहे. अंग दुखते म्हणजे सगळे शरीर, अंगावरून जाते म्हणजे योनिमार्गातून स्राव, अंग बाहेर येते म्हणजे गर्भाशय खाली उतरलेले. नवख्या डॉक्टरला यातले काय समजणार? पन्नाशीची एक बाई तीन वर्षे 'कंबर दुखते' म्हणून माझ्याकडून गोळ्या नेत होती. एकदा माझ्याकडच्या नर्सबाईंनी तिला आत नेऊन विचारले तेव्हा कळले की तिचे अंग बाहेर येत होते, बसायला होत नव्हते. तीन वर्षे! तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

आणि 'पिशवी'. पिशवीला सूज आहे, पिशवी खराब झाली, पिशवी काढून टाका. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यात मजुरी बुडण्याची भीती होती, दलाली होती, आमच्या धंद्यातल्या काहींचा लोभ होता. पण त्याच्या बुडाशी हेही होते की आपल्या ओटीपोटात काय काय आहे हे त्या बाईला कोणी सांगितले नव्हते. गर्भाशय वेगळे, त्याच्या दोन्ही बाजूंची अंडाशये वेगळी. गर्भाशय काढताना तरुण बाईची अंडाशयेही काढली तर पाळीबरोबरच शरीरातले महत्त्वाचे हार्मोन एका दिवसात बंद होतात, हाडे लवकर ठिसूळ होतात. "पिशवी काढायची, पण बाजूची अंडाशयं ठेवणार ना?" एवढा एक प्रश्न विचारायला जागेचे नाव ठाऊक असावे लागते.

माझ्या हातून झालेली चूक मी आजवर लिहिली नव्हती. दवाखाना सुरू करून पाच-सहा वर्षे झाली होती. पावसाळ्याची रात्र. एक बाप आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला सायकलवर डबलसीट घेऊन आला. "डॉक्टरसाहेब, पोराच्या पोटात दुखतंय, दोनदा उलटी झाली." मुलगा वाकून बसलेला. मी पोट दाबून पाहिले, मऊ होते. कुठे दुखते विचारले तर त्याने ओटीपोटाकडे अर्धवट हात नेला आणि बापाकडे बघून मागे घेतला. मी तो हात पाहिला होता. पण बाहेर रांग होती, बाहेर पाऊस होता, आणि चड्डी काढायला सांगितली तर मुलगा लाजेल असे मला वाटले. इंजेक्शन देऊन घरी पाठवले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते परत आले. या वेळी मी तपासले. एका बाजूचे वृषण सुजून काळे-निळे पडले होते. वृषणाला पीळ पडून त्याचा रक्तपुरवठा बंद होतो तो हा आजार. वयात येणाऱ्या मुलांत तो जास्त दिसतो, आणि पुष्कळदा खालच्या पोटात दुखणे आणि उलटी यांनीच सुरू होतो. पहिल्या सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुतेक वेळा वाचते. चोवीस तास उलटले तर क्वचितच. त्याचे वाचले नाही, काढावे लागले. दुसरे चांगले होते, पुढे लग्न झाले, त्याला दोन मुले आहेत. तो भेटला की नमस्कार करतो. मला मात्र त्या नमस्काराला सरळ उत्तर देता येत नाही.

पुढे त्याच्या आईने मला सांगितले, की मुलगा संध्याकाळपासून तिला 'खाली दुखतंय' म्हणत होता. ते नवऱ्याला कसे सांगायचे म्हणून ती म्हणाली पोटात. नवऱ्याने मला सांगितले पोटात. मी कागदावर लिहिले पोटात. तीन मोठी माणसे, आणि मुलाने खरे सांगितलेली जागा आमच्यातल्या एकानेही पुढे जाऊ दिली नाही. दोष सगळ्यात जास्त माझा, कारण त्यासाठी पैसे मी घेतले होते. तेव्हापासून पोटदुखीचा कोणताही मुलगा पूर्ण तपासल्याशिवाय मी सोडत नाही. कोणी रागावले तरी.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की नाक, कान, डोळे शिकवतानाच मुलांना ही नावेही शिकवावीत. वृषण, शिश्न, योनी, गुदद्वार. ज्यांना हे शब्द जड वाटतील त्यांनी घरात आपला एक साधा शब्द ठरवावा, पण तो मुलाला आणि आईबापांना, तिघांनाही डॉक्टरसमोर उच्चारता आला पाहिजे. यात नुसते आजारपणच नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्ध २०१२ साली पॉक्सो कायदा झाला. कोणी कुठे हात लावला हे ज्या लेकराला सांगता येत नाही, त्याच्या कामी तो कायदा कसा यावा?

गेल्या हिवाळ्यात जवळच्या एका शाळेने आठवीच्या वर्गापुढे बोलायला बोलावले. विषय 'शरीराची ओळख'. फळ्यावर मोठी आकृती काढावी, मुलांकडून एकेक भाग वदवून घ्यावा, असे मी ठरवले होते. वर्गात शिरण्याआधी मुख्याध्यापक मला बाजूला घेऊन अदबीने म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तेवढं कमरेपासून मांडीपर्यंतचं सोडून द्या. पालक तक्रार करतात." मीही ऐनवेळी वाद नको म्हणून सोडून दिले. वरून बेंबीपर्यंत आणि खालून मांडीपर्यंत असे दोन तुकडे फळ्यावर निघाले, मधे मोकळी जागा. मुले हसली. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, हा माणूस जोडायचा राहिला का?"

यंदा त्या शाळेचे पुन्हा बोलावणे आले आहे. मी मुख्याध्यापकांना लिहून कळवले, की येईन, पण आकृती पूर्ण काढीन, आणि पालकांनाही त्याच वर्गात बसवा. पत्र देऊन तीन आठवडे झाले. उत्तर अजून आलेले नाही.